बायकोच्या लुगड्यांची दिवाळी भेट

मी चार बुकं शिकलेला माणूस. गोड लिहायला मला येत नाही, आणि ह्या गोष्टीत गोड काही नाहीही.

ऐंशी सालानंतरचं सांगतो. तेव्हा मी मिरजोळ्याला कारखान्यांच्या वसाहतीत राखणदार होतो. आमच्या वाडीत मुंबईच्या एका संस्थेच्या ताया यायला लागल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी. खेड्यातल्या बायकांच्या हाताला काम देणार म्हणाल्या. जसं काही त्या येईपर्यंत आमच्या बायका हात बांधून बसल्या होत्या! लावणी, कापणी, शेण, पाणी हे त्यांच्या लेखी काम नव्हतंच.

त्यांना हव्या होत्या गोधड्या. आम्ही वाकळ म्हणतो. मुंबईत म्हणे मोठे लोक दिवाळीला एकमेकांना भेटी देतात. मधल्या दलालाला टाळून थेट गरीब बाईच्या हातची वस्तू दिली की देणाऱ्याला बरं वाटतं. घेणाऱ्याला काय वाटतं ते त्यांनी सांगितलं नाही. पण कापड नवीन नको, जुनंच हवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

माझ्या बायकोचा टाका बारीक. वाडीत तसा कोणाचा नव्हता. ताया तिच्या ओटीवरून हलेनात. दोन वर्षांत तिने स्वतःची सगळी जुनी लुगडी त्यांच्या वाकळांत घातली. शेवटची तीन काढली तेव्हा तिचा हात अडला होता.

"ही चेडवासाठी ठेवू काय?" तिने मला विचारलं. चेडू म्हणजे आमची सासरी गेलेली मुलगी.

"देऊन टाक गो," मी म्हटलं. "तिच्या पोराला अजून अवकाश आहे. तोवर आणखी जुनी होतील."

हे मीच म्हटलं. तायांना नावं ठेवतो तेव्हा हे पण लिहायला हवं.

तीन वाकळांचं कापड बेतून झालं आणि श्रावणात ती गेली. चार दिवसांचा ताप. मुलीला तेव्हा सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून आई नसलेल्या घरात ती आली. आल्या आल्या फडताळ उघडलं.

"बाबा, आईची लुगडी कुठे आहेत?"

आमच्यात मूल पहिल्यांदा ठेवतात ते आजीच्या लुगड्यांच्या वाकळेवर. नव्या कापडावर नाही, दुसऱ्या कोणाच्या तर नाहीच. फडताळात दोन कोरी पातळं होती, खळ असलेली, पापडासारखी. मुलीने फडताळाचं दार जोरात लावलं.

शेजारच्या वहिनी माझ्या बायकोबरोबर शिवायला बसत. त्या म्हणाल्या, "भावजी, तिच्या बेतलेल्या तीन मी पुऱ्या केल्या. दोन मुंबईला गेल्या. एक रत्नागिरीत प्रदर्शनाला लावली आहे. चला, बघू."

हॉलमध्ये दिवाळीआधीची गर्दी होती. वाकळ भिंतीला खिळे मारून टांगलेली, वर दिवा सोडलेला. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ही भेट देऊन आपण एका ग्रामीण भगिनीच्या घरी उजेड न्याल. आमच्या घरी वीज होती. बाईच नव्हती.

एक पाहुणी बाई चष्मा वर करून बघत होती. हिरव्या पट्टीत पांढऱ्या दोऱ्याचा रफू होता. "काय सुंदर कल्पना आहे, नाही? हिरव्यावर पांढरं!" ती तायांना म्हणाली.

कल्पना कसली डोंबलाची! भारा घेऊन येताना बायको कातळावर घसरली होती. लुगडं फाटलं, गुडघा फुटला. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून पांढरा घातला.

मी तायांना म्हटलं, "ही माझ्या बायकोची. मला हवी आहे. किंमत सांगाल ती देतो."

"अय्या, काका! मग तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल! पण ही ऑर्डरची आहे हो. परदेशी जाणार आहे."

"बायको संगमेश्वराच्या पुढे कधी गेली नाही. लुगडं कशाला जातंय?"

"काका, शिस्त असते ना. एकाला दिली की..."

वहिनींनी तोवर खुर्ची ओढली होती. वर चढून त्यांनी खिळे उपटायला सुरुवात केली.

"अहो मावशी! ऑर्डर कमी पडेल!"

"पडू दे. दुसरी शिवून देते. जुनं लुगडंच हवं ना? हे अंगावरचं सोडून देऊ?"

सगळा हॉल बघायला लागला. तायांचा चेहरा आधी उतरला, मग एकदम उजळला. पिशवीतून कॅमेरा निघाला. "न्या काका, न्या. फक्त एक फोटो. वाकळ अशी छातीशी धरा. आमच्या पत्रकात घालू. आणि हसा हं थोडं!"

बायको जाऊन तीन महिने झालेले नव्हते. वहिनी खुर्चीवरून म्हणाल्या, "भावजी, हसा. चेडवाचे दिवस भरत आलेत."

मी हसलो. दात दाखवले. आयुष्यात इतकं खोटं काम केलं नव्हतं. पैशांची पावती तरीही फाडलीच त्यांनी.

ते पत्रक नंतर वाडीत आलं. माझ्या फोटोखाली छापलं होतं, समाधानी ग्राहक. मी ते चुलीत घातलं.

नात झाली. वहिनींनी तिला वाकळेवर ठेवली, हिरव्या पट्टीवर. अर्ध्या तासात तिने ती भिजवून टाकली. मुलगी अंथरुणातून हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "बाबा, धुवायला टाका. पण जपून पिळा."

विहिरीवर मी ती धुतली. आपटली नाही. दाबून दाबून पाणी काढलं आणि उन्हात घातली, संध्याकाळपर्यंत वाळायला हवी म्हणून.