मन्मथची एक सही

फोन बसूचा होता, जर्मनीहून. "आत्या, अप्पा फोन उचलेनात. जरा बघून या की." दोन गल्ल्या ओलांडून गेले, तर माझा धाकटा भाऊ मन्मथ टेबलावर डोकं टेकून बसलेला... चष्मा तसाच, अंग गार. हाताखाली कसलासा कागद होता, तो मी न वाचताच ड्रॉवरमध्ये सारला. सव्वा महिना झाला त्याला.

मी चौथी शिकलेली. वाचायची गोडी त्यानंच लावली, तेव्हा लिहिते ते गोड मानून घ्या. मन्मथ आमच्या वालूरच्या शाळेत कारकून होता. फेब्रुवारी लागला की मास्तरांचे इन्कम टॅक्सचे कागद त्याच्या ओट्यावर यायचे. पैसा घ्यायचा नाही, उलट स्वतः केलेली चुरमुऱ्यांची सुशीला खाऊ घालायचा. एकदा एक मास्तर म्हणाले, "थोडं घरभाडं दाखवा की." हा म्हणाला, "तुमी सासऱ्याच्या घरात राहता, मास्तर. सासरा भाडं घ्यायलाय का?" सगळा ओटा हसला.

बसू, त्याचा एकुलता मुलगा, तिकडं नोकरीला लागला. पहिलं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा मन्मथला कोण आनंद! परक्या देशाचा फॉर्म बघायचा म्हणून वहीत प्रश्न काढून ठेवले. बसूनं फॉर्म नाही, एकच कागद पाठवला. वडिलांना पोसणाऱ्याला तिकडं करात सूट मिळते म्हणे. त्यासाठी वडिलांनी लिहून द्यायचं की मला उत्पन्न नाही, मुलाच्या पैशावर जगतो. मन्मथला पेन्शन होती. बसूनं छदाम पाठवला नव्हता, अन् यानं मागितलाही नव्हता.

"सगळेच करतात, अप्पा. तिथं कोण बघायलंय?"

मन्मथ दोन दिवस जेवला नाही. शेवटी मीच म्हणाले... हो, मीच. "लेकरू परमुलखात हाय. एका सहीनं काय जातंय तुझं?"

तालुक्याच्या कचेरीत शिक्का मारणारा निघाला याच्याच शाळेत शिकलेला. कागद वाचून तो खुर्चीतून उठला. "सर, ही वेळ आली अन् आमाला सांगितलं न्हाई?" खिशातली पाचशेची नोट त्यानं याच्या हातात कोंबली. खोटं लिहिलंय, असं सांगायची सोय नव्हती. मन्मथ नोट घेऊन घरी आला. पुढच्या फेब्रुवारीत मास्तर आले, तर म्हणाला, "दुसऱ्याकडं जा." सुशीलाही केली नाही.

मातीला बसू पोचू शकला नाही. नंतर आला, चार दिवस राहिला. निघायच्या सकाळी म्हणाला, "आत्या, यंदाचा कागद अप्पांनी भरला असंल, बघा ना." तेव्हा कळलं, त्या दिवशी तो फोन कशासाठी लावत होता.

ड्रॉवरमधला कागद मी काढला. उत्पन्नाच्या रकान्यात पेन्शन, रुपयासकट. 'मुलाकडून मिळाले' असं होतं, तिथं चक्क मराठीत, शाळेच्या तक्त्यात लिहायचा तशा वळणदार अक्षरात: निरंक. खाली सही. अन् टाचणीनं लावलेली ती पाचशेची नोट.

बसूनं वाचलं, कागद परत ठेवून ड्रॉवर लावला अन् बॅग उचलली.

मी रोज जाऊन ते टेबल पुसते. नोट त्या कचेरीतल्या पोराला परत द्यायला हवी. पण काय सांगून देऊ?...