चारही पंखे सुलट

माझ्या हातांनी बनवलेला ड्रोन आयुष्यात एकदाच उडाला, आणि तेव्हा त्याला मी उडवत होतो असं म्हणता येणार नाही.

त्याचं असं झालं, की आम्ही परदेशात, ड्रोहेडा नावाच्या गावात घर घेतलं. बायको मेघा इथल्या इस्पितळात डॉक्टर आणि मी घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणारा. वास्तुशांतीला आई अमरावतीहून आली, पण माझे वडील, म्हणजे अण्णा, येऊ शकले नाहीत. हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्यामुळे विमानाला मनाई. (मनाई करणारी डॉक्टर त्यांची सूनच, म्हणजे वाद घालायचीही सोय नाही.) अण्णांनी सारा जन्म बांधकाम खात्यात काढलेला. फोनवरून मी त्यांना दिवाणखाना दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं, न्हाणीघरसुद्धा दाखवलं. त्यांचं समाधान होईना.

"भिंती काय दाखवून राह्यला बे? घर वरून पाहा लागते," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आता मी काही तिथं येत नाही."

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी जाहीर करून बसतो. वास्तुशांतीच्या दिवशी कॅमेऱ्याचा ड्रोन उडवून अण्णांना घर वरून दाखवीन, आणि तो ड्रोन मी स्वतः बनवीन!

"तयार मिळतो ना रे दुकानात?" मेघाने विचारलं.

"तयार काय, कुणीही घेईल."

"म्हणूनच म्हणतेय."

सुटे भाग आले. चार मोटरी, बोटभर लांबीची पाती, एक चिमुकला कॅमेरा, त्याचं चित्र दाखवणारा छोटा पडदा आणि वायरींचा गुंता. नवशिक्यांसाठीचा एक लांबलचक व्हिडिओ समोर लावून मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी मी पोळपाटाला, टेबलाला आणि स्वतःच्या अंगठ्याला डाख दिला. वायरींचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला. पण जमलं. वजन पाव किलोच्या आत, रीतसर नोंदणीही केली. पाती न बसवता नुसत्या मोटरी फिरवून बघायच्या, आणि दिशा कळावी म्हणून प्रत्येकीला कागदाचा तुकडा चिकटवायचा, असं व्हिडिओत सांगितलं होतं. तसं केलं. चारही फिरल्या. मी मेघाकडे अशा नजरेने पाहिलं, की तिनेच पोळपाटाची माफी मागावी.

तेवढ्यात आई आली. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"काय रे मिलिंद, हे दोन उलटे काहून फिरून राह्यले?"

खरंच की! दोन मोटरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत होत्या, दोन विरुद्ध.

"आरती उलटी ओवाळते का कोणी?" आई म्हणाली. "प्रदक्षिणा उलटी घालते का? वास्तुशांतीच्या दिवशी घरावरून उलटं काही फिराले नको."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने व्हिडिओ पुन्हा बघितला असता. मी विचार केला (हेच चुकलं), की पंख्यांचं काम हवा खाली ढकलायचं. चौघे एका दिशेने राबले तर बरंच, टीमवर्क होईल. मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलट फिरते एवढं मला कळलं होतं. दोन मोटरी सुलट केल्या, त्यांना जुळणारी पाती जास्तीच्या पाकिटात होतीच. कॉम्प्युटरने चित्रात बाण दाखवून विचारलं, दिशा तपासल्या का? मी आयटीतला माणूस. न वाचता 'हो' दाबण्यावर तर माझं घर चालतं.

वास्तुशांत झाली. मागच्या अंगणात ड्रोन ठेवला. मेघाने फोनवर अण्णांना घेतलं आणि फोन त्या छोट्या पडद्यासमोर धरला. आईला ड्रोनला कुंकू लावायचं होतं.

"इट्स इन द प्रेस, आजी," आमची लेक इरा म्हणाली. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते ड्रोहेडाच्या इंग्रजीत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

"कुंकू इस्त्रीत ठेवते का कोणी?" असं म्हणत आई आत गेली, आणि मी रिमोटचं बटण पुढे सरकवलं.

ड्रोन डोक्याच्या वर गेला आणि गरगर फिरायला लागला. घाबरून मी बटण मागे ओढायच्या ऐवजी पुढे ढकललं. तो छपराच्याही वर जाऊन गरगरू लागला. चारही पाती एका दिशेने फिरली, की खालचं धूड विरुद्ध दिशेने फिरतं. ते होऊ नये म्हणून तर दोन उलट ठेवतात. (व्हिडिओतला तो भाग मी गाळून पुढे गेलो होतो.) कुंकू घेऊन बाहेर आलेली आई वर बघतच राहिली.

"मिलिंदा, हे तर उलट्याच प्रदक्षिणा घालून राह्यलं."

"थांबव बे, मले गरगरून राह्यलं," फोनमधून अण्णा. हृदयाचा पेशंट! मेघाने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

कुंपणापलीकडून शेजारचा डेक्लन शांतपणे म्हणाला, "इज शी सपोज्ड टू डू दॅट?"

मी बटण पूर्ण मागे ओढलं. ड्रोन दगडासारखा खाली आला आणि डेक्लनच्या छपराच्या पन्हळीत जाऊन अडकला.

अण्णांना एक घर दाखवायचं होतं, तेही जमलं नाही. मी अंगणात मान खाली घालून उभा राहिलो. पण कॅमेरा चालूच होता. पन्हळीतून तो नेमका आमच्या घराकडे तोंड करून, तसूभरही न हलता बघत होता.

"आता कसं," फोनमधून अण्णांचा आवाज आला, एकदम मऊ. "दिसलं पूर्ण. छप्पर पक्कं आहे, उतारही बरोबर. चांगलं घर घेतलं रे पोरा."

आईने डोळ्यांना पदर लावला. माझेही डोळे भरले.

"पण अंगणात तो टकला कोण उभा आहे बे? मिस्त्री आहे काय?"

इतकी वर्षं व्हिडिओ कॉलवर मी अण्णांना समोरूनच दिसत आलो होतो.

अण्णांनी ते दृश्य टिपून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. घराबद्दल फक्त मामांनी लिहिलं. बाकीच्यांनी तेलं सुचवली.