दादाचं काळीज सुधारलं

मित्रांनो, केजच्या एसटी स्टँडवर बसून लिहितोय. आज माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हृदयाच्या डॉक्टरकडं आणलं होतं.

दिवाळीत शेळ्यांमागं त्याला अर्धी टेकडीसुद्धा चढवत नव्हती. दम लागायचा, पाय सुजायचे. तेव्हा घाबरून दारू सोडली. आता कळपाच्या पुढं चालतो.

डॉक्टर खूश झाले. "दारू सोडली म्हणून हृदयात ताकद आली. आता कायमची बंदच ठेवा."

मी गोळ्या घ्यायला मेडिकलवर थांबलो, तेवढ्यात दादा गायब. स्टँडमागं सापडला. हातातली क्वार्टर जवळजवळ संपलेली.

"असा काय बघतो बे? डॉक्टरच म्हनला ना काळीज नीट झालं. मंग आता कामून घ्यायची न्हाई?"

आजारी होता तोवर निदान भीती तरी होती. चांगल्या रिपोर्टनं तीही घालवली.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "काय म्हनले डॉक्टर?"

"लई सुधारलंय म्हनले."

"देव पावला, भावजी! पुरनाला डाळ टाकते. लवकर या."

दादा शेजारच्या बाकड्यावर घोरतोय. गावाकडच्या दोन जीपा गेल्या, मी उठलो नाही. तुम्हीच सांगा, ह्याला घेऊन त्या पुरणपोळीसमोर कसं जाऊ?