लिफ्टची पाटी

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी पाटी होती: 'घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा. कारणे विचारू नयेत.' आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्यामुळे रोज गुडघे धरून चार मजले चढायच्या.

रविवारी माझे मोठे दीर यायचे. कारखान्याच्या युनियनमध्ये त्यांची हयात गेलेली. क्रांतीशिवाय गरिबाचं भलं होणार नाही, हे त्यांचं ठाम मत. माझा नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं म्हणणं, बाजार खुला झालाय, सुधारणा हळूहळू खालपर्यंत पोचतील. दोघे तावातावाने भांडायचे आणि मावशींनी केलेला चहा ढोसायचे. आपला कप उचलून आत ठेवायची अक्कल मात्र दोन्ही पक्षांकडे नव्हती.

एकदा मावशींनी मला विचारलं, "ताई, हे कशावरून भांडत्यात?"

"तुमचं भलं कसं होईल, यावरून."

त्या सरळ बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "मग मला लिफ्टनं येऊ द्या की."

नवरा म्हणाला, "पुढच्या वार्षिक सभेत विषय मांडतो."

दीर म्हणाले, "लिफ्टचं काय घेऊन बसलात? अख्खी व्यवस्थाच बदलायला हवी."

आणि त्यांची पुन्हा जुंपली. मावशी रिकामे कप घेऊन आत आल्या. संध्याकाळी दीर लिफ्टने खाली गेले, त्यांना सोडायला नवराही लिफ्टनेच गेला. दोघेही एक नंबरचे ढोंगी, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. मी घड्याळाकडे बघून विचारलं, "आज उशीर का?"