ओढ्यापलीकडची लेक

गावात कोणी गेलं, की पत्र्याचा भोंगा घेऊन आळ्याआळ्यांतून सांगत फिरायचं, हे पुकाऱ्याचं काम. त्यातही त्याची एक रीत होती. बाई गेली तर सासरच्या आळीत तो ‘तुमची सून गेली हो’ म्हणायचा आणि माहेरच्या आळीत ‘तुमची लेक गेली हो’. ऐकणाऱ्याला आपलं कोण गेलं ते लगेच कळायचं.

आज पहाटे त्याची बायकोच गेली.

“मी जातो सांगायला,” शेजारचा न्हावी म्हणाला.

“तू ओरडलास तर लोकांना वाटेल दाढीचे भाव वाढले. दे इकडं भोंगा.”

आपल्या कुंभार आळीत शिरला तसं त्याला आठवलं, पूर्वी हाक गेली की चाकं थांबायची, बाया मातीचे हात तसेच घेऊन दारात यायच्या. आता दारोदार कुलपं. सवयीनं तो कुलपांनाही सांगत गेला. आळीच्या टोकाला म्हातारी कुंभारीण तेवढी बाहेर आली.

“कोण गेलं रे?”

“तुमची सून, काकू. माझ्या घरची.”

“अरे देवा. मग तू कशाला फिरतोयस? टेक जरा.”

“टेकलो तर उठायचो नाही.”

उरली ओढ्यापलीकडची रंगारी आळी. तिचं माहेर. तिनं पुकाऱ्याशी लग्न केलं आणि भावानं दार लावलं ते लावलंच. तेव्हापासून पलीकडच्यांना मयताची खबरही पुकारी ओढ्यावरच्या पुलावरूनच द्यायचा. काल रात्री ती एवढंच म्हणाली होती, “माझ्या आळीत मला लेक म्हण.”

आज तो पूल ओलांडून गेला. एके काळी या आळीतलं गटारसुद्धा निळं वाहायचं. लग्नात तिचे तळहात निळेच होते. आता रंगाच्या कुंड्यांत पाचोळा भरलेला. भाऊ ओट्यावर बसला होता. पुकाऱ्यानं भोंगा उचलला.

“रंगाऱ्यांनो, तुमची लेक गेली हो!”

“आमची कधीच गेली,” भाऊ म्हणाला. “तेव्हा नाही आलास सांगायला.”

“तिनंच सांगितलं होतं, आळीत लेक म्हण म्हणून.”

“आळी आहे कुठं? मी आणि माझी बायको. कोणाला सांगतोयस?”

“तुला.”

भाऊ उठला, आत गेला, कडी लावली. आतून भावजयीचा आवाज आला, “कधी नेणार, विचारा तरी.”

“गप बस.”

पुकाऱ्यानं भोंगा दाराला लावला आणि हळूच म्हणाला, “उन्हं कलली की. पुलापाशी थांबू.”

उन्हं कलली. खांदेकऱ्यांना त्यानं पुलापाशी थांबवलं. पलीकडची वाट रिकामी होती.

“अजून किती?” न्हाव्यानं विचारलं. “अंधार पडेल.”

“त्यांना ऐकू गेलंय. येतील.”

कोणी आलं नाही. शेवटी त्यानं भोंगा तोंडाला लावला, तर दिवसभर खरवडलेल्या घशातून नुसती हवा बाहेर पडली. त्यानं पुन्हा श्वास ओढला. न्हाव्यानं त्याच्या हातातून भोंगा काढून घेतला आणि बाकीच्यांना म्हणाला, “उचला.”