तिसरं नाव

जनगणनेची मुलगी दारात आली, तेव्हा बायको तुळशीच्या कुंडीला गेरू लावत होती. त्या वासाने मी शहरातल्या जे. पी. नगरच्या फ्लॅटमधून थेट फार वर्षांपूर्वीच्या एका कोरड्या तालुक्यात पोचलो. तिथे मी तरुण मास्तर होतो. जनगणनेसाठी गावोगाव फिरून भिंतींवर गेरूने घरांचे नंबर घालायचो. एका म्हाताऱ्या अक्काने माझा हात धरला. "मास्तर, स्वल्प, जरा थांबा. बेपत्ता मुलाचंही नाव लिहा. त्याचं ताट रोज मांडते मी." मी नियम सांगितला, तिचं आणि तिच्या नवऱ्याचं अशी दोनच नावं लिहिली आणि पुढच्या दाराकडे वळलो.

"अंकल, घरात किती जण?" मुलीने पुन्हा विचारलं.

आमचा मुलगा वर्षभरापासून बेपत्ता आहे.

"तिघं."

"तिसरे कुठे असतात?"

बायकोचे लाल हात थांबले.

"लिही ना, बाळा," मी हात जोडले. "त्याचं ताट मांडलेलं आहे."