पूजेतला लॅपटॉप

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. विळी, हातोडी आणि माझ्या मुलीचा, मुक्ताचा, जुना लॅपटॉप पाटावर मांडतात. यंदा पूजेचा मान मी घेतला. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने सारं पुसूनही काढलं.

त्याच दिवशी अकराला मुक्ताची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, आणि पावणेअकराला वाय-फाय लागेना. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. मोबाइलवर नेट येत होतं, लॅपटॉपवर नाही.

“बाबा, याला कोणी हात लावला?”

“मी फक्त पुसला.”

“कुठे?”

मी उजवी कड दाखवली. तिथे वाय-फायचं इवलंसं सरकतं बटण होतं. पुसताना ते बंद झालं होतं आणि खाचेत ओली हळद बसली होती. वर्षातून एकदा आपण हत्याराला साग्रसंगीत नमस्कार करतो. त्याचं बटण कुठे आहे, हे मात्र कधी बघत नाही. माणसांचे सत्कारही आपण असेच करतो.

बटण नखाने हलेना. मुक्ताने टाचणीने हळद कोरली, श्वास रोखून बटण सरकवलं. अकराला दोन मिनिटं असताना वाय-फाय लागलं.

“बाबा, आता बाहेर. आणि पुढच्या वर्षी नमस्कार लांबूनच.”

मी दाराबाहेरून लगेच एक केला. कालच्यापेक्षा बराच मनापासून.